दोनदा आयव्हीएफ फसलं, आता "लपलेलं इन्फेक्शन" निघालंय. कुणाला अनुभव?

अबोली_नाशिक | १२ जानेवारी, रात्री ११:४०

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

वय ३४, लग्नाला सात वर्षं. दोन वेळा गर्भ ट्रान्सफर झाले. दोन्ही वेळा पाचव्या दिवसाचे, डॉक्टरांच्या शब्दांत "एकदम सुंदर". दोन्ही वेळा चौदाव्या दिवशी बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) निगेटिव्ह. डिसेंबरात डॉक्टर बदलले. नव्या बाई म्हणाल्या, बी चांगलं आहे, आता जमीन बघू. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. टीबी पीसीआर पॉझिटिव्ह आलं. आता सहा महिने एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) घ्या, मग पुढचं बघू, असं म्हणतात.

मला खोकला नाही, ताप नाही, वजन कमी झालेलं नाही (झालं असतं तर बरंच होतं). छातीचा एक्सरे स्वच्छ. पाळी नियमित आणि नीट. घरात टीबी कुणाला झाल्याचं आठवत नाही. असा काही त्रास न देता टीबी आत बसून राहतो का? आणि त्याच्यामुळेच दोनदा फसलं असेल का? सहा महिने थांबायचं म्हणजे मी ३५ ची होणार.

नवऱ्याचे रिपोर्ट ओके आहेत. साबांना (सासूबाईंना) अजून काही सांगितलेलं नाही. "टीबी" हा शब्द ऐकला तर वेगळं ताट-वाटी काढतील.

---

चहाटळ | ११:५२

वाचतोय. "एकदम सुंदर" वरून आठवलं, आमच्या डॉक्टरांनी गर्भाचा फोटो छापून दिला होता. सहा महिने माझ्या पाकिटात होता, लायसन्सच्या मागे. बाकी जाणकार सांगतीलच.

---

रानजाई | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

अबोली, हो, बसून राहतो. माझ्याकडे बसला होता.

मला लहानपणी म्हणे बरेच दिवस बारीक ताप यायचा, तेवढंच. जंतू आधी फुफ्फुसात जातात, तिथून रक्तातून गर्भनलिकांपर्यंत पोचतात आणि वर्षानुवर्षं गप्प असतात. बहुतेक बायकांना कळतं ते मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावरच. माझी पाळी मात्र कमी होत गेली होती. कॉलेजात असताना चार दिवस, तिशीत नुसते डाग. "उष्णता असेल" म्हणून आईने सब्जा पाजला.

एचएसजीत (नळ्यांत औषध सोडून काढतात तो एक्सरे) नळ्या मण्यांच्या माळेसारख्या दिसल्या. दुर्बिणीतून बघितलं तेव्हा आत रवा पेरल्यासारखे बारीक पांढरे दाणे. बायोप्सीतही टीबीच्याच गाठी निघाल्या. म्हणजे शंकेला जागाच नव्हती. एकेटी घेतली. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी. मला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पण संडास एकच आणि साबांची नजर तेज. "बीट खाल्लंस का गं?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग सहा महिने मला घरात बीटाची कोशिंबीर खावी लागली. गोळ्यांच्या पट्ट्या मसुराच्या डब्यात तळाशी, कारण आमच्याकडे मसूर कुणी करत नाही.

टीबी गेला. पण अस्तर पाच मिलिमीटरच्या वर काही केल्या वाढलं नाही. गोळ्या जंतू मारतात, पडलेला व्रण भरून देत नाहीत, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पुढची गोष्ट मोठी आहे, या धाग्यावर नको. पण तुझी पाळी नीट आहे म्हणतेस, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

---

लॅबवाला | सकाळी ९:०५

सूक्ष्मजीवशास्त्र हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून थोडं लांबण.

रानजाईंची केस आणि अबोलींची केस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यांच्याकडे डोळ्यांना दिसणारे दाणे होते, पेशींच्या तपासणीत गाठी होत्या. अबोलींकडे आत्ता फक्त एक पीसीआर आहे.

पीसीआर जंतूचा डीएनए शोधतं. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे त्याला कळत नाही. लॅबमध्ये आदल्या नमुन्यातलं कणभर काही उडून पडलं तरी ते पॉझिटिव्ह येतं. उलट खरा आजार असला तरी त्या चिमूटभर तुकड्यात जंतू आलाच नाही तर निगेटिव्ह. शिवाय आपण राहतो कुठे? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या जवळपास ३१ टक्के लोकांच्या शरीरात टीबीचा संसर्ग आढळला होता. संसर्ग म्हणतोय मी, आजार नव्हे. त्यामुळे मांटू किंवा क्वांटिफेरॉन (हा संसर्ग बघणाऱ्या त्वचेच्या आणि रक्ताच्या टेस्ट) पॉझिटिव्ह आलं म्हणून कुणी गर्भाशयाचा टीबी ठरवत असेल तर सरळ उठून या. आणि रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या टेस्टवर तर आपल्याकडे २०१२ पासून बंदीच आहे.

अबोली, तीन गोष्टी विचारा. एक, त्याच तुकड्याचं कल्चर लावलंय का? त्याला सहा आठवडे लागतात, पण त्यात जिवंत जंतूच वाढतो. दोन, पेशींच्या रिपोर्टात ग्रॅन्युलोमा, म्हणजे त्याच गाठी, लिहिलाय का? तीन, नमुना कशात घालून पाठवला होता? हसू नका. निम्म्या वेळा सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवून येतो आणि वर चिठ्ठी असते "प्लीज डू कल्चर". फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, मी काय वाढवू? कल्चरचा भाग सलाइनमध्येच यायला हवा.

---

खडूस_काका | सकाळी ९:३०

म्हणजे तपासून बघितलेल्या डॉक्टरीणबाई चूक आणि कीबोर्डवरचे बरोबर. चालू द्या.

सहा महिने गोळ्या घेऊन बिघडतं काय? असला तर जाईल, नसला तर नसला.

---

मिरजेची_माई | सकाळी १०:१०

काकांशी सहमत. माझ्या धाकट्या बहिणीचंही अगदी हेच. फक्त पीसीआर पॉझिटिव्ह, बाकी काही नाही. एकेटी पूर्ण केली आणि तिसऱ्या महिन्यात आपसूक राहिलं. भाचा आता पहिलीत आहे. तुम्ही टक्केवारी काढत बसा.

---

लॅबवाला | सकाळी १०:२२

माई, भाच्याला अनेक आशीर्वाद. पण त्या सहा महिन्यांत बहिणीने दुसरे सगळे उपचारही थांबवले होते ना? काही न करता राहणाऱ्याही असतात. एकेटीमुळे की एकेटीनंतर, हे एका भाच्यावरून ठरत नाही.

---

मिरजेची_माई | सकाळी १०:२५

तुमच्या घरी कुणी भाचा म्हणून राहू नये असं उत्तर आहे हे.

---

कृष्णाकाठ | सकाळी ११:४८

@खडूस_काका, बिघडतं काय ते सांगते. माझ्या जावेला याच गोळ्यांनी तिसऱ्या आठवड्यात कावीळ झाली. डोळे पिवळे, पाण्याचा घोट टिकेना. गोळ्या बंद केल्या, मग एकेक करून पुन्हा सुरू केल्या. सहाचे नऊ महिने झाले. एथॅम्ब्युटॉल (त्यातलंच एक औषध) असतं तोवर रंग नीट दिसतात का यावरही लक्ष ठेवावं लागतं. खरा टीबी असेल तर हे सगळं सोसायचंच, अर्धवट सोडायचं नाही. पण "असला तर असला" म्हणून घ्यायला ती काही आवळा कँडी नाही.

आणि खरंच टीबी ठरला तर सरकारी नोंद होतेच, लपत नाही. खासगी डॉक्टरलाही कळवणं बंधनकारक आहे. औषधं फुकट मिळतात, पोषणासाठी महिन्याला पैसे खात्यात येतात (आधी ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १०००). चौकशीचा फोन येतो, कधी घरी माणूसही येतो. साबांना सांगायचं की नाही ते आधी ठरवून ठेव. आणि हो, गर्भाशयाचा टीबी ताटा-वाटीतून पसरत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. सुनेच्या तोंडून पटणार नाही.

---

डॉ_मुक्ता | दुपारी ३:२०

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. न तपासता सल्ला देणार नाही, पण एक प्रश्न मला सकाळपासून टोचतोय. अबोली, तुमच्या नळ्यांबद्दल धाग्यात एक अवाक्षर नाही. एचएसजी झालं होतं का? कधी?

का विचारते सांगते. टेस्ट ट्यूब बेबीचा जन्मच मुळी बंद नळ्यांवर उपाय म्हणून झाला. १९७८ साली इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली, तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. त्यामुळे आपल्या डोक्यात असं बसलंय की आयव्हीएफ करायचं तर नळ्यांचं काय घेऊन बसायचं, तो रस्ता आपण वापरतच नाही. इथेच गफलत होते. जुन्या संसर्गाने नळीचं टोक चिकटून बंद झालं तर आत पाणी साचतं, नळी फुगते. तिला हायड्रोसालपिंक्स म्हणतात. ते पाणी उलटं गर्भाशयात झिरपत राहतं. तुम्ही कितीही सुंदर गर्भ आणून ठेवा, तो त्या पाण्यात. अशी नळी असेल तर आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर येतं, आणि ट्रान्सफरच्या आधी ती काढली किंवा गर्भाशयाजवळ बंद केली तर सुधारतं. लपलेल्या इन्फेक्शनच्या सगळ्या भानगडीत हा सर्वांत भक्कम पुरावा असलेला भाग आहे, आणि सोनोग्राफीत ही नळी दर वेळी दिसेलच असं नाही.

हे करणारा जंतू टीबीचाच असतो असं नाही. क्लॅमिडिया नावाचा एक आहे, लैंगिक संबंधातून येतो. बहुतेक बायकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. ना वास, ना खाज, ना दुखणं. तो केव्हाच निघून गेलेला असतो आणि नळी चिकटलेली राहते.

तिसरं, अस्तराची जुनाट सूज. सीडी १३८ नावाच्या रंगाने प्लाझ्मा पेशी मोजतात, निघाल्या तर साधारण दोन आठवडे डॉक्सी (एक अँटिबायोटिक) देतात. वारंवार फसलेल्यांत मी हे तपासते. मात्र किती पेशी म्हणजे सूज, यावर दोन लॅबचं एकमत असेल तर शपथ.

---

टोरांटोची_मावशी | रात्री ८:०२

अवांतर: "बी चांगलं, जमीन बघू" हे बायकांच्या तोंडावर कधी बंद होणार? बी म्हणजे तिचंही अंडं होतं ना त्यात? जमीन काय, सातबाऱ्यावर नाव पण नवऱ्याचं असेल.

---

चहाटळ | रात्री ८:०९

मावशी _/\_ सातबारा घेऊन पुढच्या वेळी तलाठ्यालाच बोलवू ट्रान्सफरला.

---

कंदी_पेढा | रात्री १०:३३

पुरुष आयडी आहे, जरा धीर करून टंकतोय.

अबोलीताई, "नवऱ्याचे रिपोर्ट ओके" म्हणजे नक्की काय बघितलं? माझेही तीन वर्षं ओके होते. म्हणजे काउंट आणि हालचाल. इन्फेक्शनचं कुणी बघितलंच नव्हतं. बायकोला मात्र पाच वेळा टेबलावर झोपवलं.

मग एका लॅबने लिहिलं, पस सेल्स (पुवाच्या पेशी, म्हणजे इन्फेक्शनची शंका) भरपूर. झालं. अँटिबायोटिकचा कोर्स, पुन्हा टेस्ट, पुन्हा पस सेल्स, दुसरा कोर्स, मग तिसरा. प्रत्येक टेस्टला ती खोली. मुंबईतली एक तर जिन्याखाली होती, दाराला कडी नव्हती, नुसता पडदा. बाहेर रिसेप्शनची बाई मोठ्याने "झालं का सर? अर्ध्या तासात द्यायचंय." भिंतीवर काय असेल? गणपतीचं कॅलेंडर. मी ते वळवून ठेवलं.

चौथ्या वेळी दुसऱ्या लॅबमधल्या म्हाताऱ्या पॅथॉलॉजिस्टने वेगळा रंग लावून बघितलं आणि म्हणाले, अहो या पस सेल्स नाहीत. कच्चे शुक्राणूही तसेच गोल दिसतात. तीन कोर्स कशासाठी घेतले मी?

---

लॅबवाला | रात्री १०:५०

अगदी. त्याला पेरॉक्सिडेज स्टेन म्हणतात. साध्या स्लाइडवर दोन्ही "राउंड सेल्स"च. मिलीलिटरमागे १० लाखांवर खऱ्या पांढऱ्या पेशी असतील तर इन्फेक्शनचा विचार करायचा, तोही लघवी-स्वॅब बघून. आणि नमुना देण्याआधी लघवी करून हात स्वच्छ धुवा हे कुणी सांगत नाही. मग कल्चरमध्ये कातडीवरचे जंतू वाढतात आणि त्यांच्यावर औषधं चालू.

---

नानासाहेब_निवृत्त | १४ जानेवारी, सकाळी ६:४०

तीळगूळ घ्या, गोड बोला. वय ७८, मुंबईच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टर मूल नसलेलं जोडपं आलं की आधी पुरुषाच्या चेहऱ्याकडे निरखून बघायचे. देवीचे व्रण आहेत का! देवी येऊन गेलेल्या कित्येकांची वीर्यवाहिनी आतून बुजलेली असायची. मुंबईच्याच डॉ. फडक्यांनी सत्तरच्या दशकात यावर लिहिलंही होतं. माणूस धडधाकट, तक्रार काही नाही, आणि तपासणीत एकही शुक्राणू नाही. तोवर बिचारीने बारा सोमवार, सोळा सोमवार सगळं केलेलं. त्या बायका अजून डोळ्यांसमोर येतात.

---

खडूस_काका | सकाळी ७:०५

नाना, हे माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो.

---

झाडीपट्टी | सकाळी ८:३०

लपलेलं लपलेलं काय म्हणता, कुणी विचारलंच नाही असं म्हणा. आमच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंगांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. निम्म्याजवळ बायकांची तर काही तक्रारच नव्हती. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. माझी आजी म्हणायची, अंगावरून पांढरं जाणं म्हणजे बाईच्या जातीला असतंच. असतंच म्हटलं की डॉक्टरकडे कोण जाते?

पुरुषांसाठी मात्र रेल्वेच्या भिंती रंगवलेल्या. "गुप्तरोग, निराश रोगी मिळा, दर मंगळवारी लॉज नंबर अमुक." बाईचा रोग एवढा गुप्त की भिंतीवरही जागा नाही.

---

अनुष्का_हिंजवडी | सकाळी ११:१५

मला एका सेंटरने "मायक्रोबायोम टेस्ट" सुचवली आहे. चांगले जंतू किती, वाईट किती. २२ हजार. करू का?

---

डॉ_मुक्ता | दुपारी १:४०

युरोपातल्या वंध्यत्व तज्ज्ञांच्या संस्थेने, एशरेने, २०२३ मध्ये वारंवार फसलेल्यांसाठी काय तपासावं ते लिहिलंय. अस्तराच्या जुनाट सुजेची तपासणी "विचार करता येईल" या गटात. मायक्रोबायोम "शिफारस नाही" गटात. २२ हजार सांभाळून ठेवा.

---

अबोली_नाशिक | ९ मार्च, रात्री १२:१०

सगळ्यांना एकेकटं उत्तर देता आलं नाही, क्षमस्व. मध्यंतरी बरंच घडलं.

लॅबवाल्यांचा प्रश्न विचारला. नमुना सलाइनमध्येच होता, पण कल्चर लावलंच नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. पाच वर्षांपूर्वीचं एचएसजी फाइलच्या तळाशी होतं. त्यावर लिहिलेलं होतं "उजवी नळी किंचित रुंद". पाच वर्षांत ती ओळ कुणी मोठ्याने वाचली नव्हती, मी धरून.

फेब्रुवारीत दुर्बिणीने बघितलं. दाणे नाहीत. बायोप्सीत गाठी नाहीत. कल्चर आत्ताच आलं, निगेटिव्ह. उजवी नळी मात्र फुगलेली. व्हिडिओत बघितली, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी. काढली. नव्या डॉक्टरांच्या मते एकेटीची गरज नाही. आधीच्या बाईंचा फोन आला होता, त्या अजूनही घ्या म्हणतात. मी घेत नाहीये. रात्री तीनला जाग आली की वाटतं घ्यायला हवी होती का.

आता जे इथेच लिहू शकते ते. रक्तात क्लॅमिडियाच्या अँटिबॉडी निघाल्या. नवऱ्याची लघवी तपासली, निगेटिव्ह. मग घरी प्रश्न आला, कुणाकडून? त्याने सरळ विचारलं नाही. मीही नाही. पण दोन दिवस आम्ही मीठ दे, दार लाव एवढंच बोललो. आयडी सार्थ झाला माझा.

---

लॅबवाला | १० मार्च, सकाळी ८:२०

अबोली, हे नवऱ्यालाही वाचून दाखवा. त्या अँटिबॉडी कधीच्या आहेत हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या असू शकतात, लग्नाआधीच्या असू शकतात, तुमच्याकडून किंवा त्यांच्याकडून. त्यांचा जंतू आपोआप किंवा कुठल्या तरी घसादुखीच्या अँटिबायोटिकने केव्हाच गेलेला असू शकतो. रिपोर्टला तारीख असते ती रक्त काढल्याची.

---

रानजाई | सकाळी ८:४१

मिठी गं. मीठ दे एवढं तरी बोललात. आमच्याकडे मीठही ज्याचं त्याने घेतलं होतं.

---

मिरजेची_माई | सकाळी ९:१५

एकेटी घेतली असतीस तर मनाला रुखरुख नसती, इतकंच म्हणते. पण नळी काढलीस हे उत्तम केलंस. भाच्याची शपथ, मनापासून.

---

कंदी_पेढा | १८ सप्टेंबर, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. अबोलीताई, काय झालं पुढे?

---

अबोली_नाशिक | रात्री १०:३०

गणपती गेल्यावर ट्रान्सफर झालं. एकच गर्भ. या वेळी डॉक्टर "सुंदर" वगैरे काही म्हणाले नाहीत, "ठीक आहे" म्हणाले. त्यानेच मला बरं वाटलं. नळीचं ऑपरेशन साबांना कळलंय, टीबीचं नाही. रोज दुपारी डाळिंबाचे दाणे सोलून ठेवतात, नवरा अर्धे खातो.

बीटा २४ तारखेला. तोवर कृपा करून धागा वर काढू नका, हृदय धडधडतं.

---

चहाटळ | रात्री १०:३१

काढत नाही. अरे, काढलाच की. सॉरी.